‘दगडू’, ‘धोंडू’ ही नावे अडाण्यांची? खुलासा

नाशिकच्या काही ग्रुपवर फिरणारा मेसेज म्हणतो की दगडू, धोंडू, भिकू, केरू ही नावे फक्त खालच्या जातीतले अडाणी लोक ठेवत. हे साफ चुकीचे आहे. १८५८ साली जन्मलेले महर्षी धोंडो केशव कर्वे ब्राह्मण घरातले, हे सर्वांना ठाऊक आहे.

ही नावे भीतीपोटी ठेवली जात. देवी, पटकी, हगवणीने पाठोपाठ मुले जायची. मग पुढचे जगावे, दगडासारखे टिकावे म्हणून दगडू. भीक मागून आणलेले म्हणून भिकू. केरात क्षणभर ठेवून उचललेले म्हणून केरू. मुलाचे नाक टोचून नथ घातली की नथू! वाईट नजर फिरकू नये, एवढाच हेतू. त्या आयांना अडाणी म्हणणे मला फार लागते.

मेसेजच्या यादीत त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचे ‘धुंडिराज’ही घुसवले आहे. ते तर गणपतीचे नाव.

‘नकोशी’ हे मुलीचे नाव मात्र भीतीपोटी ठेवलेल्या या नावांत बसत नाही. तिथे मुलगी वाचावी ही इच्छा नव्हती, पुढचा मुलगा व्हावा ही होती. साताऱ्यात २०११ मध्ये अशा मुलींची नावे समारंभाने बदलली गेली.