‘स्थानकापासून सात मिनिटे’, पण चढ कुणी सांगायचा?

इंग्लंडमधल्या बाथ शहरातील घरांच्या आणि खोल्यांच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी अंतर मिनिटांत सांगणे ताबडतोब थांबवावे, किंवा निदान त्या मिनिटांशेजारी चढही लिहावा. गेल्या मे महिन्यात मी आईबाबांना घेऊन तिथे दोन रात्री राहून आले आणि तेव्हापासून माझा संताप ओसरलेला नाही.

आम्ही रेडिंगला राहतो. साताऱ्याहून आईबाबा दोन महिन्यांसाठी आले होते. बाबांना रोमन लोकांनी बांधलेली स्नानगृहे पाहायची होती आणि आईला रॉयल क्रेसेंटची ती तीस घरांची अर्धवर्तुळाकार रांग. दोघांनीही सत्तरी ओलांडलेली आहे आणि आईचे दोन्ही गुडघे दुखतात. म्हणून मी महिनाभर जागा शोधत होते. रोज रात्री जेवणे उरकल्यावर नकाशा आणि जाहिराती शेजारी शेजारी उघडून बसत होते. शेवटी स्थानकाच्या दक्षिणेला, वेल्स रोडच्या बाजूची एक जागा घेतली, कारण तिच्या जाहिरातीत ‘स्थानकापासून चालत सात मिनिटे’ असे स्पष्ट लिहिले होते. ती सात मिनिटे घरातून स्थानकाकडे उतरण्याची होती. स्थानकाकडून घराकडे जाताना आम्हाला पंचवीस मिनिटे लागली. वाटेत आई तीन वेळा कठड्याला धरून उभी राहिली आणि बाबा दोन्ही बॅगा हातात घेऊन तिच्यासाठी थांबत राहिले.

हे शहर एव्हन नदीच्या वळणात, टेकड्यांच्या मधोमध वसलेले आहे, हे तिथे जागा भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. सपाट जमीन आहे ती ॲबी म्हणजे तिथले जुने मोठे चर्च, स्नानगृहे आणि स्थानकाच्या आसपास, आणि पुल्टनी पुलापलीकडे ग्रेट पुल्टनी स्ट्रीटवर. तिथून कोणत्याही दिशेने बाहेर पडा, बहुतेक रस्ते वर चढतात: उत्तरेला लॅन्सडाउन, पूर्वेला बॅथविक हिल, दक्षिणेला विडकम आणि बीचन क्लिफ. नकाशावर या सगळ्या जागा मध्यवस्तीला खेटून दिसतात. ज्याचे पाय धड आहेत त्याला त्याने काही फरक पडत नाही, पण ज्याच्या घरात म्हातारी माणसे आहेत त्याची निवड नेमकी याच एका गोष्टीवर ठरते, आणि जाहिरातीत नेमकी हीच एक गोष्ट नसते.

चढ संपला तेव्हा पायऱ्या सुरू झाल्या. अठराव्या शतकातील ही घरे चार-पाच मजली असतात आणि आता एकेका मजल्याचे वेगळे घर करून भाड्याने दिले जाते. ‘गार्डन फ्लॅट’ म्हणजे बहुतेक वेळा तळघर, जिथे पूर्वी स्वयंपाकघर आणि कोठ्या असत. ‘शहराचे विहंगम दृश्य’ म्हणजे पोटमाळा, जिथे नोकर झोपत. आमच्या वाट्याला पोटमाळा आला. दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना रुंद होता, त्यापुढे तो इतका अरुंद आणि उभा झाला की आईला एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढावे लागले. पायऱ्या मी मोजल्या. रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत त्र्याहत्तर. जाहिरातीत फक्त ‘वरचा मजला’ असे दोन शब्द होते.

जुन्या, संरक्षित इमारतीत उद्वाहक बसवणे अवघड असते, हे मला समजते. संपूर्ण शहर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि युरोपातील आणखी दहा स्नाननगरांबरोबर २०२१ मध्ये त्याची पुन्हा नोंद झाली. तिथली भिंत कुणी मनाला येईल तशी फोडू नये, असेच माझेही मत आहे. उद्वाहक नाही म्हणून मी चिडलेले नाही. पायऱ्यांचा आकडा लिहायला कोणत्या खात्याची परवानगी लागते, एवढेच मला विचारायचे आहे.

आणि न्हाणीघर! तिथे होता तो मांडीएवढ्या उंच काठाचा टब, त्यातच उभे राहून शॉवर घ्यायचा, धरायला भिंतीवर एक दांडीसुद्धा नाही. आईचा पाय त्या काठावरून पलीकडे जाईना. ज्या शहरात रोज अकरा लाख लिटरहून अधिक पाणी सुमारे ४६ अंश तापमानाने जमिनीतून वर येते, ज्या पाण्यासाठी दुखऱ्या सांध्यांची माणसे शतकानुशतके तिथे येत राहिली, तिथे माझ्या आईने दोन दिवस ओल्या टॉवेलने अंग पुसले.

शनिवारची एक रात्र कुणी देत नाही, दोन घ्याव्याच लागतात, आणि नाताळच्या बाजारात किंवा विद्यापीठांच्या पदवीदानाच्या दिवसांत दर कुठल्या कुठे जातात. स्वतःची गाडी असेल तर ती ठेवायची कुठे, हा आणखी वेगळा मनस्ताप. ‘त्यापेक्षा ब्रिस्टलला राहा, रेल्वेने जेमतेम पंधरा मिनिटे’ असे मला नंतर अनेकांनी सांगितले. पण संध्याकाळी पिवळसर दगडांवर ऊन उतरते तेव्हा गावातच असावे, एवढी साधी इच्छा बाळगण्यात काय चूक आहे?

ही अडचण आजचीही नाही. इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टेनचे कुटुंब १८०१ मध्ये तिथे घर शोधत होते. नदीजवळच्या ग्रीन पार्क बिल्डिंग्जमधील घरे त्यांनी ओलीमुळे नाकारली आणि सिडनी प्लेसमध्ये घर घेतले. पुढे १८०४ मध्ये त्यांना त्याच ग्रीन पार्क बिल्डिंग्जमध्ये राहायला जावे लागले. पण त्यांना घरे स्वतः जाऊन, आत शिरून, ओल हाताने चाचपून पाहता आली होती. आम्हाला रुंद भिंगाने काढलेली बारा छायाचित्रे पाहून आगाऊ पैसे भरावे लागतात, आणि त्या बारांत जिन्याचे एकही नसते.

परत आल्यावर मी मालकाला सविस्तर पत्र लिहिले: चढ लिहा, पायऱ्या लिहा, टबाच्या काठाची उंची लिहा. उत्तर आले की ऐतिहासिक घरात राहायला येणाऱ्यांना एवढी कल्पना असतेच. कल्पना कशी असणार? साताऱ्याच्या माणसाला वेल्स रोडचा चढ ठाऊक असावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करता?

दुसऱ्या दिवशी स्नानगृहे आणि ॲबी पाहून झाल्यावर आम्ही गे स्ट्रीटच्या तोंडाशी आलो. रॉयल क्रेसेंटकडे जाण्यासाठी तोही चढ चढायचा होता. आईने वर पाहिले, रात्री परत चढायच्या वेल्स रोडचा आणि त्या त्र्याहत्तर पायऱ्यांचा हिशेब केला, आणि म्हणाली, “अगं, तू आणि बाबा जाऊन या. मी इथे बाकावर बसते.”