मृत्यूचा ‘मूळ आवाज’ आणि लेकरासारखे अस्वल

गेल्या आठवड्यात आमच्या मावशीने घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश पाठवला आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितले की, त्याला जोडलेला आवाज ऐकल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. संदेशाचा आशय असा: टिमोथी ट्रेडवेल नावाचा अमेरिकन माणूस अलास्काच्या जंगलात तेरा वर्षे अस्वलांबरोबर एकटा राहिला, शिकाऱ्यांपासून त्याने त्यांचे रक्षण केले, त्याच्या निर्मळ प्रेमापुढे ती हिंस्र जनावरे नरमली, आणि अखेर लेकरासारख्या वाढवलेल्या अस्वलानेच त्याला खाल्ले, ‘ग्रिझली मॅन’ या माहितीपटातला त्याच्या मृत्यूचा मूळ आवाज सोबत आहे, काळीज घट्ट असेल तरच ऐका. मावशी त्र्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या काळजाची अशी परीक्षा घेण्याचा अधिकार या अनामिक लेखकाला कोणी दिला, हे मला समजत नाही.

आधी त्या आवाजाबद्दल. वर्नर हर्झॉग यांचा हा माहितीपट २००५ साली आला. तो मी दोनदा पाहिला आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने एकदाही पाहिलेला नसावा, कारण त्यात तो आवाज नाहीच. हल्ल्याच्या वेळी ट्रेडवेलचा कॅमेरा सुरू होता, पण भिंगावरचे झाकण निघालेले नव्हते, त्यामुळे सुमारे सहा मिनिटे चित्राविना नुसता आवाज मुद्रित झाला, एवढे खरे आहे. माहितीपटात त्या टेपचा प्रसंग असा आहे: हर्झॉग आपल्याकडे पाठ करून, कानांना हेडफोन लावून ती ऐकत आहेत, आणि समोर बसलेली ट्रेडवेलची जुनी सहकारी ज्युएल पॅलोवॅक, जिने ती टेप कधीच ऐकलेली नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत आहे. पाऊस ऐकू येतो आहे, ट्रेडवेलची मैत्रीण एमी हिचा आवाज येतो आहे, असे दोनचार तुटक शब्द ते बोलतात, मग टेप थांबवायला सांगतात, आणि हे तू कधीही ऐकू नकोस, नष्ट करून टाक, असे तिला बजावतात. ती मूळ टेप आजवर सार्वजनिक झालेली नाही. तेव्हा ‘माहितीपटातला मूळ आवाज’ म्हणून मावशीपर्यंत जे पोहोचले, ते कोणाचे तरी किंचाळणे असेल, पण ट्रेडवेलचे नव्हे. दिग्दर्शकाने जे प्रेक्षकांपासून कटाक्षाने दूर ठेवले, तेच त्याच्या नावावर खपवायचे, हा निव्वळ कोडगेपणा आहे.

आता ‘एकटा’ या शब्दाकडे वळू. ५ ऑक्टोबर २००३ रोजी अलास्कातल्या काफ्लिया उपसागराजवळ दोन माणसे मरण पावली. दुसरी होती एमी ह्यूगेनार्ड, वय ३७, ट्रेडवेलची तीच मैत्रीण. तिला अस्वलांची भीती वाटत असे, हे तिच्या रोजनिशीच्या आधारे माहितीपटच सांगतो. ट्रेडवेलने मागे ठेवलेल्या शंभर तासांच्या चित्रणात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच दिसते, आणि या संदेशातून तर ती पुरतीच पुसली गेली आहे. प्रेमाची कथा रंगवताना शेवटपर्यंत सोबत राहिलेले माणूस अडचणीचे ठरत असावे.

लेकरासारख्या वाढवलेल्या अस्वलाची गोष्ट साध्या वजाबाकीतच कोसळते. घटनास्थळी मारलेले मोठे अस्वल २८ वर्षांचा नर होते आणि जीवशास्त्रज्ञांच्या नोंदीत त्याचा क्रमांक १४१ होता. ट्रेडवेल तेरा उन्हाळे तिथे गेला, म्हणजे त्याचे पहिले पाऊल पडले तेव्हाच हे ‘लेकरू’ निदान पंधरा वर्षांचे झालेले होते. आणि हो, तेरा उन्हाळे. तेरा वर्षे नव्हे, हिवाळ्यात तो कॅलिफोर्नियात असे.

इतकी वर्षे अस्वलांनी त्याला काही केले नाही, हे मात्र मान्य करावे लागते. पण त्याचे कारण प्रेमात शोधण्याआधी नदीत शोधावे. तो जिथे राहत असे त्या कॅटमाय राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात सामन मासे इतके येतात की, एरवी एकमेकांना जवळ न करणारी अस्वलेही एकाच प्रवाहात शेजारी शेजारी मासे धरतात आणि माणसाकडे दुर्लक्ष करतात. ऑक्टोबरपर्यंत मासे संपत येतात, हिवाळी झोपेआधी अंगावर चरबी चढवण्याची घाई सुरू होते, आणि ओळखीची अस्वले पांगून अनोळखी येऊ लागतात. ट्रेडवेल एरवी याआधीच परतत असे. त्या वर्षी तो निघाला आणि पुन्हा मागे फिरला. अस्वलापासून किमान ५० यार्ड दूर राहावे, हा उद्यानाचा नियम त्याने उघडपणे मोडल्याचे त्याच्याच चित्रणात दिसते. अलास्कातल्या कोडियाक बेटावरच्या मूळनिवासी अल्युटिक समाजातले स्वेन हाकान्सन माहितीपटात म्हणतात की, आम्ही सात हजार वर्षे जी सीमा पाळली, ती या माणसाने ओलांडली. मावशीच्या बारा वर्षांच्या नातवाने संदेश वाचून विचारले, “आपण घाबरलो नाही, तर अस्वल काही करत नाही ना?” म्हणून हा परिच्छेद लांबला.

राहिले शिकाऱ्यांपासून रक्षण. एका बोटीतून आलेल्या लोकांनी अस्वलावर दगड मारले, हे माहितीपटात आहे. शाळांमधून मुलांना अस्वलांविषयी सांगण्याचे तो पैसे घेत नसे, हेही खरे. पण कॅटमाय राष्ट्रीय उद्यानात शिकारीला मुळातच बंदी आहे, आणि तिथे राखणदाराची ही गरज अनेक जाणकारांनी मान्य केली नाही. ६ ऑक्टोबरला त्या दोघांना न्यायला आलेल्या वैमानिकाला तळावर माणूस नव्हे, अस्वल दिसले. त्यानंतर पोहोचलेल्या उद्यानरक्षकांनी अंगावर येणाऱ्या त्या मोठ्या नराला गोळ्या घातल्या, आणि पुढे जवळ आलेल्या दुसऱ्या, लहान अस्वलालाही. रक्षणाच्या हिशेबात ही दोन अस्वले कोणत्या रकान्यात धरायची, ते संदेशात लिहिलेले नाही.