दर टिकला सगळं नव्याने मोजा म्हणे!

गेम बनवणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. तो देवगडला माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि त्याने वाचून लगेच आपल्या मासेमारीच्या गेममधला अर्धा कोड उडवला, म्हणून हे लिहायला बसलो. मेसेजमध्ये काय, तर गेमच्या फिजिक्समधली, म्हणजे वस्तू कशा हलतात-धडकतात त्या गणितातली, कुठली माहिती जुनी झाली याचा हिशोब ठेवणं ही जुन्या काळची कंजुषी, आता प्रोसेसर फास्ट आहेत, दर टिकला (गेमचं जग सेकंदाला ठराविक वेळा एकेक पाऊल पुढे सरकतं, ते पाऊल म्हणजे टिक) सगळंच नव्याने मोजा, तरी गडबड दिसली तर टिक रेट, म्हणजे सेकंदाला किती टिक ते, वाढवा, वस्तूंना झोपवणं (थांबलेली वस्तू कोणी हलवेपर्यंत मोजायची नाही) बंद करा, आणि मोठी इंजिनं, म्हणजे ज्यांच्यावर गेम बनवतात ती तयार सॉफ्टवेअरं, असल्या भानगडी ठेवतच नाहीत.

पहिलाच मुद्दा सगळ्यात वेडपट. बरं, मोजलं सगळं. पण ते एका झटक्यात होतं का? एकामागून एक होतं. भाच्याच्या गेममध्ये ट्रॉलर एका बंद पडलेल्या होडीला दोरीने ओढत आणतो, वेग सेकंदाला ६ मीटर, टिक सेकंदाला ६०, म्हणजे एका टिकला १० सेंटीमीटर. लिस्टमध्ये ट्रॉलर आधी असेल तर होडी त्याची नवी जागा वाचते, होडी आधी असेल तर मागच्या टिकची. दोरीत १० सेंटीमीटरचा फरक! मध्येच एखादी वस्तू डिलीट होऊन क्रम बदलला की होडीला कारण नसताना हिसका. एकही वस्तू मोजायची सोडली नव्हती, तरी. कालच्या लिलावाचा भाव आणि आजचा भाव एकाच पावतीवर लिहिलात तर बेरीज दहा वेळा करून काय होणार आहे? म्हणून वाचायचं मागच्या टिकच्या कॉपीतून, लिहायचं नव्या कॉपीत, नाहीतर प्रत्येक आकड्यासोबत तो कुठल्या टिकचा ते ठेवायचं. हा प्रश्न स्पीडचा नाहीच.

स्पीडचंही बघायचं तर २००० वस्तूंच्या जोड्या जवळपास २० लाख, सरसकट तपासल्या तर ६० टिकला सेकंदाला १२ कोटी तपासण्या, त्याही बहुतेक जागच्या न हललेल्या वस्तूंच्या.

टिक रेटचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. सेकंदाला ६०० मीटर जाणारी गोळी ६० टिकला एका टिकमध्ये १० मीटर उडी मारते, मधली भिंत तिला दिसतच नाही. पण १२० केलं तरी ५ मीटर उरतातच, त्यासाठी कन्टिन्युअस कोलिजन नावाची, दोन टिकमधल्या वाटेतली धडकही तपासणारी, वेगळी सोय असते. आणि वरच्या दोरीची चूक १० ची ५ सेंटीमीटर होते, जात नाही, काम मात्र दुप्पट.

आता झोप. जेटी हलवल्यावर माशांची पेटी हवेत लटकत राहते, हे भाच्याला दिसलं होतं, म्हणून मेसेज पटला. पण तो वापरतो बॉक्स-टू-डी नावाचं तयार फिजिक्स इंजिन, अँग्री बर्ड्स ज्याच्यावर चालायचा तेच, आणि त्याच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलंय की जागी असलेली बॉडी (म्हणजे वस्तू) येऊन धडकली किंवा तिला चिकटलेला कॉन्टॅक्ट (दुसऱ्या वस्तूशी स्पर्श) किंवा जॉइंट (सांधा) नष्ट झाला की झोपलेली बॉडी उठते. जेटी डिलीट केली असती तर पेटी आपोआप पडली असती. याने स्टॅटिक, म्हणजे स्वतः न हलणारी, जेटी उचलून दुसरीकडे ठेवली, बॉक्स-टू-डीच्या जुन्या २.४ आवृत्तीत झोपलेली पेटी आणि स्टॅटिक जेटी यांचा कॉन्टॅक्ट कोणी तपासतच नाही, मग पेटीला कळणार कसं? जेटी हलवताना पेटीला हाताने जागं करायचं. एक ओळ! त्यासाठी सगळ्या गेमची झोप उडवायची?

मोठ्या इंजिनांचं तर खोटंच आहे. युनिटी या इंजिनात ट्रान्सफॉर्म (वस्तूची जागा) बदलून लगेच रेकास्ट (किरण सोडून समोर काय आहे ते बघणं) केलात तर डिफॉल्ट सेटिंगला जुनीच जागा मिळते, सिंक हाताने करावं लागतं, आणि माइनक्राफ्ट सेकंदाला २० टिक चालतो पण दर टिकला प्रत्येक ब्लॉक तपासत बसत नाही.

भाच्याचा खरा घोळ फ्लॅगचा होता. 'जागा बदलली' असा एकच फ्लॅग, म्हणजे हो-नाहीची खूण, तो आधी दोरीने वाचून खाली केला, मग सावलीला वाटलं काही बदललंच नाही. त्याला सांगितलंय, फ्लॅग काढ आणि नंबर ठेव, जागा बदलली की एकने वाढव, दोरी आणि सावली दोघांनी शेवटचा पाहिलेला नंबर आपापल्याकडे ठेवायचा. उडवलेला कोड गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे म्हणतो, तेवढं बरं केलं.