रेकॉर्ड केलेल्या सिनेमालाही पिन? अरे, बास करा आता!

दुपारचे तीन वाजलेत. काल रात्री अकराला लागलेला सिनेमा टीव्हीच्या पेटीने (सेट-टॉप बॉक्सने) अख्खा रेकॉर्ड करून ठेवलाय. आजींनी चहा घेतला, चष्मा चढवला, यादीतून नाव शोधलं, प्ले दाबलं. आणि पडद्यावर काय आलं? चार रिकामे चौकोन. पिन टाका! घरात लहान मूल नाही. सगळ्यांत धाकटी नात विद्यापीठात शिकते. तरी सत्तरी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या दिवाणखान्यात, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या पेटीपुढे आपण मोठ्या असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ब्रिटनमधल्या कितीतरी घरांत हे रोज चाललंय आणि आता त्याचा अगदी संताप संताप होतो.

आधी नियम काय आहे ते बघू, म्हणजे राग नेमका कुणावर काढायचा ते कळेल. ब्रिटनमध्ये टीव्हीवर ऑफकॉम या नियामक संस्थेची नजर असते. त्यांची प्रसारण संहिता २००५ साली लागू झाली. त्यात वॉटरशेड नावाची एक रेघ आहे. पहाटे ५.३० ते रात्री ९ या वेळात साध्या वाहिन्यांवर मुलांनी बघू नये असं काही दाखवायचं नाही. वेगळे पैसे भरून घ्यायच्या फिल्म वाहिन्यांना मात्र मोकळीक आहे. सिनेमांना वयाचे शिक्के देणाऱ्या बीबीएफसीने १५ किंवा १८चा शिक्का मारलेला सिनेमा त्या भर दुपारीही लावू शकतात, फक्त पुढे पिनचं कुलूप हवं. आणि हे कुलूप ग्राहकाला काढता येऊ नये, हे संहितेच्या व्याख्येतच लिहिलंय. या वाहिन्यांवर १५च्या सिनेमांचं ते बंधन रात्री ८ वाजता उठतं, १८च्यांचं ९ वाजता.

थेट प्रसारणापुरतं हे ठीकच आहे. शाळेतून आलेलं पोर रिमोट घेऊन वाहिन्या पालटत बसतं, आईवडील कामावर असतात, चुकून नको ते समोर येतं. त्यासाठी कुलूप असू द्या, त्याबद्दल कुणी भांडत नाही.

पण रेकॉर्डिंग चुकून समोर येतं का हो? कुणीतरी मोठ्या माणसाने पडद्यावरच्या कार्यक्रमांच्या यादीत, म्हणजे गाईडमध्ये, जाऊन, तारीख वेळ बघून, रेकॉर्डचं बटण दाबलेलं असतं. डिस्कवर जागा करण्यासाठी दोन जुने कार्यक्रम पुसलेले असतात. महिन्याचे पैसे भरलेले असतात. यापेक्षा जास्त विचार करून कोण टीव्ही बघतं? आणि त्या माणसालाच पेटी दारात अडवते. बरं, काल रात्री अकराला साध्या वाहिनीवर तोच सिनेमा लागला तेव्हा पिनचा पत्ताही नव्हता. जागा असलेल्या कुणीही लावून बघावा. तो रेकॉर्डिंगमधून दुसऱ्या दिवशी दुपारी लावला की पेटी घड्याळ बघते, अजून वॉटरशेड व्हायची आहे म्हणते आणि कुलूप लावते. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या डॉक्टरने, नर्सने, गोदामातल्या कामगाराने काय करायचं? त्यांची रात्र दिवसा असते. रेकॉर्डिंगची सोय मुळात अशा माणसांसाठी, आणि कुलपाचा त्रासही नेमका त्यांनाच.

त्याच टीव्हीखालच्या कप्प्यात १८चा शिक्का असलेली डीव्हीडी पडलेली असते. १९८४च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्याप्रमाणे ती १८ वर्षांखालच्याला विकणं गुन्हा आहे. पण दुकानातून घरी आली की संपलं. सकाळी नऊला लावा, दुपारी लावा, प्लेअर काही विचारत नाही. घरातलं पोर ती काढून लावू शकतं, म्हणून ती वर ठेवायची जबाबदारी आईबापाची, हे कायद्यालाही मान्य. मग डिस्कवर पडलेला तोच सिनेमा पेटीच्या पोटात असला की आईबाप एकदम बेभरवशाचे कसे होतात? काही प्रसारकांच्या ऑनलाइन सेवेवर तर तोच कार्यक्रम दुपारी ‘मी अमुक वयाच्या वर आहे’ एवढ्या एका क्लिकवर सुरू होतो. तीन दारं, तीन नियम, आणि सगळ्यांत जाड कुलूप त्या दाराला जिथून मोठा माणूस ठरवून आत येतो.

हे कुलूप येतं कुठून? पेटी चित्र बघून काही ठरवत नाही. डीव्हीबी या डिजिटल टीव्हीच्या पद्धतीच्या प्रक्षेपणात कार्यक्रमाच्या गाईडसोबत वयाची एक छोटी चिठ्ठी जोडता येते. तीन अक्षरं देशाची आणि पुढे एक आकडा. तो आकडा १ ते १५च्या मधला असला तर त्यात ३ मिळवायचे, की किमान वय निघतं. १२ असेल तर १५ वर्षं, १५ असेल तर १८ वर्षं. ० म्हणजे वय ठरवलेलंच नाही. प्रत्येक कंपनी हेच वापरते असं नाही, कुणाची स्वतःची खूणपद्धत असते, पण तत्त्व हेच. ही खूण रेकॉर्डिंगच्या नोंदीला चिकटते आणि सिनेमा पुसेपर्यंत तिथेच राहते. प्ले दाबलं की पेटी तीनच गोष्टी बघते: खूण किती वयाची, सेटिंगमध्ये वय किती ठेवलंय आणि आत्ता वाजले किती. घरात कोण राहतं हा प्रश्न तिच्या हिशेबात कुठेही नाही. आणि खूण गाईडमधल्या नोंदीची असल्यामुळे घोटाळेही होतात. आधीचा सामना वीस मिनिटं लांबला तर रेकॉर्डिंगची पहिली वीस मिनिटं निव्वळ फुटबॉलची. त्यालाही पिन! खेळाडूंपासून आजींचं संरक्षण चाललंय का?

बरं, पिन टाकणं तरी सोपं आहे का? रिमोट हातात घेऊन बघा. आकड्यांची बटणं तांदळाच्या दाण्याएवढी नसली तरी फार मोठीही नाहीत, त्यावरची पांढरी छपाई वर्षभरात पुसट होते. संधिवाताच्या बोटाने बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं की एकाच आकड्याचे दोन होतात. टाकायचे असतात २, ५, ८, ०, आणि चौकोनात जातात २, २, ५, ८. चौकोनात दिसतात फक्त फुल्या, त्यामुळे चूक कुठे झाली तेही कळत नाही. बॅटरी उतरली असेल तर उलटं होतं, एक आकडा पोचतच नाही आणि पेटी चौथ्याची वाट बघत ढिम्म बसते. मागे जायचं बटण दाबलं की थेट यादीत, परत सिनेमा शोधा. काही पेट्यांत तीनदा चुकलं की काही मिनिटं पिन घेणंच बंद. आणि एवढं करून सिनेमा सुरू झाला, मध्येच फोन आला म्हणून थांबवून बाहेर पडलात, तर परत आल्यावर पुन्हा पिन. एका सिनेमाला तीनतीनदा स्वतःची ओळख पटवायची! बँकेचं एटीएमही इतका छळ करत नाही.

नव्या, आवाजावर चालणाऱ्या रिमोटांनी तर दुष्काळात तेरावा महिना आणलाय. त्यांतल्या काहींना आकड्यांची बटणंच नाहीत. पडद्यावर १ ते ९ आणि शेवटी ० अशी ओळ येते, बाणाने सरकत जाऊन एकेक आकडा निवडायचा. २५८० टाकायचा तर नऊ वेळा बाण आणि चार वेळा ओके, म्हणजे तेरा वेळा बटण दाबायचं. आणि हे सगळं खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांदेखत! ज्या पोरापासून पिन लपवायचा ते शेजारी बसून कर्सर कुठे थांबतो ते बघतं. एकदा बघितलं की त्याच्या कायमचं लक्षात राहतं. विसरतात ते आजोबा.

म्हणजे ज्यांच्यासाठी कुलूप त्यांना ते अडवत नाही आणि ज्यांच्यासाठी नाही त्यांना अडवतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मूळ पिन काय असतो तेही बघा. फ्रीव्ह्यू म्हणजे अँटेनावरच्या फुकट टीव्हीच्या बऱ्याच रेकॉर्डरमध्ये कारखान्यातून ०००० येतो. कार्ड लागणाऱ्या उपग्रहाच्या पेटीत तो व्ह्यूइंग कार्डाच्या नंबरातले शेवटचे चार आकडे असतो आणि ते कार्ड पेटीच्याच खाचेत खुपसलेलं असतं. झाकण उघडलं, कार्ड अर्धं बाहेर ओढलं, वाचलं, परत सारलं. दहा वर्षांच्या मुलाला याला अर्धं मिनिट पुरतं. हे काय संरक्षण झालं? मुलांची खरंच काळजी असती तर पहिल्या दिवशी पेटी सुरू करतानाच ‘घरात मुलं आहेत का, स्वतःचा पिन ठरवा’ असं प्रत्येकाला विचारलं असतं.

यातून निदान आज सुटका हवी असेल तर कुलपं दोन आहेत हे लक्षात घ्या. लोक दोन्ही एकच समजतात आणि कॉल सेंटरवर तासभर डोकं फोडतात. पहिलं कुलूप तुमच्या हातातलं: पेटीच्या सेटिंगमधला पेरेंटल कंट्रोल. तिथे जुना पिन टाकून आत जा. वयाची मर्यादा १८ असेल किंवा ‘निर्बंध नाही’ असा पर्याय असेल तर तो घ्या. मग वॉटरशेडच्या आधी रेकॉर्डिंग लावताना पिन मागायचा की नाही, असा वेगळा पर्याय तुमच्या पेटीत आहे का ते शोधा. बहुतेकांना तो माहीतच नसतो. तो बंद केला की साध्या वाहिन्यांवरचं रात्रीचं रेकॉर्डिंग दिवसा बिनबोभाट चालतं. दुसरं कुलूप फिल्म वाहिन्यांचं, सक्तीचं. ते कुठल्याही मेनूतून जात नाही, तिथे डोकं आपटू नका. ते टाळायचं तर १५चा सिनेमा रात्री ८ नंतर आणि १८चा ९ नंतर लावा, नाहीतर पिन सोपा करा.

पिन सोपा करायचा तर ५५५५ ठेवा. जवळजवळ प्रत्येक रिमोटवर ५च्या बटणावर एक उठावाचा ठिपका असतो, अंधारात अंगठ्याने चाचपून सापडतो. चष्मा नसला तरी चालतं, मान खाली घालावी लागत नाही. चार वेळा तेच बटण, प्रत्येक दाबानंतर बोट पूर्ण उचलायचं, म्हणजे आकडा दुप्पट होत नाही. घरात मुलं येत नसतील तर असा पिन ठेवायला काहीही हरकत नाही. मुलं येत असतील तर अर्थातच वेगळा ठेवा आणि कार्डावरचा मूळ पिन आधी बदला.

हे दुखणं एकट्या ब्रिटनचं नाही. जर्मनीत तर याहून वाईट. तिथे १६चा शिक्का असलेले सिनेमे रात्री १०च्या आणि १८चे ११च्या आधी उघड दाखवत नाहीत. पैसे भरायच्या वाहिन्या आधी दाखवतात, पण पिनच्या आड. आता पेटीऐवजी टीव्हीतच कार्ड मॉड्यूल (कार्ड वाचणारा छोटा डबा) घालून रेकॉर्डिंगचा टायमर लावणाऱ्याचं काय होतं बघा. ठरलेल्या वेळी टीव्ही आपोआप उठतो, मॉड्यूल पिन मागतं, द्यायला घरात कुणीच नाही. रेकॉर्डिंग होतं दोन तासांच्या काळ्या पडद्याचं. सीआय प्लस या मॉड्यूलांच्या मानकाच्या १.३ आवृत्तीत टायमरसोबतच पिन आधी देऊन ठेवायची सोय आली, पण त्यासाठी टीव्ही आणि मॉड्यूल दोघांनाही ती यावी लागते. म्युनिकला, फ्रँकफर्टला नव्याने गेलेल्या आपल्या मंडळींनी टीव्ही घेताना हे विचारूनच घ्यावं.

आणि भारतात? तिथे ए प्रमाणपत्राचा सिनेमा टीव्हीवर तसाच येत नाही. काटछाट करून टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि तशी तरतूद २०२३च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यात स्पष्ट केली आहे. त्या पद्धतीवर वेगळं भांडण आहे, ते इथे नको. पण ओटीटीसाठी २०२१ साली जे नियम आले त्यात यू/ए १३+ आणि त्यावरच्या मजकुराला पेरेंटल लॉकची सोय द्या, असं कंपन्यांना सांगितलंय. सोय द्या! कुलूप आणि किल्ली दोन्ही घरमालकाच्या हातात. मुलं आहेत तो लावेल, नाहीत तो उघडं ठेवेल. एवढी साधी गोष्ट ब्रिटनमधल्या रेकॉर्डिंगला का लागू होत नाही?

मागणी फार मोठी नाहीच. थेट प्रसारणाचं सक्तीचं कुलूप राहू द्या. डिस्कवर उतरलेल्या सिनेमासाठी, खातेदाराने एकदा पिन टाकून ‘या घरात मुलं नाहीत’ असं सांगितलं की पुन्हा विचारायचं नाही, एवढा एक पर्याय द्या. तो देता येत नसेल तर निदान एका बैठकीला एकदाच पिन मागा, टीव्ही बंद होईपर्यंत तो धरून ठेवा. हे काही रॉकेट उडवणं नाही, पेटी दरमहा नवनवीन जाहिराती दाखवायला बरोबर अपडेट होते.

तक्रार करायची तर आधी कंपनीकडे लेखी करा, फोनवर नको. पेटीचं मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, वाहिनी, सिनेमा रेकॉर्ड झाल्याची आणि लावल्याची तारीख वेळ, पिन किती वेळा मागितला, सगळं त्यात घाला. आणि फोनवर कुणी ‘एकदा फॅक्टरी रीसेट मारून बघा’ म्हणालं तर बटणाला हात लावू नका. आधी विचारा की यात रेकॉर्डिंग राहतात की जातात. डिस्क फॉरमॅट झाली तर वर्षभर साठवलेले सगळे सिनेमे गेले म्हणून समजा. उपग्रहाच्या पेटीतली रेकॉर्डिंग बहुधा त्या पेटीशीच बांधलेली असतात, दुसऱ्या यंत्रावर नेऊन वाचवताही येत नाहीत. आणि एवढा बळी देऊन सक्तीचं कुलूप जाईल का? ते दुसऱ्या दिवशी दुपारी परत तिथेच असणार.