युटोपियात माणसाला नाव नसतं? त्या मेसेजला उत्तर

माझी भाची एम.ए.च्या प्रबंधासाठी युटोपियन, म्हणजे आदर्श समाज रंगवणाऱ्या, साहित्यातले नातेसंबंध हा विषय घेणार होती. परवा भाऊजींनी तिला एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "असलं काही वाचू नकोस, विषय बदल." तोच मेसेज मलाही तीन ठिकाणांहून आलाय. दावे असे: आदर्श समाज रंगवणाऱ्या सगळ्या पुस्तकांत माणसाला नावाऐवजी नंबर असतो, 'युटोपिया' लिहिणाऱ्या थॉमस मोरपासून सगळ्यांनी कुटुंब मोडलं, तिथे प्रेमाला बंदी असते, मुलं आईपासून काढून घेतात.

नंबराच्या दाव्याची मला सगळ्यात जास्त चीड आली. डी-५०३ अशी ओळख असलेली माणसं आहेत येवगेनी झाम्यातिनच्या 'आम्ही' या रशियन कादंबरीत. तिथे घरं काचेची, पडदे ओढायला गुलाबी कुपन लागतं, आणि शेवटी नायकाची कल्पनाशक्ती शस्त्रक्रिया करून काढून टाकतात. हे लेखकाचं स्वप्न आहे असं कुणाला वाटूच कसं शकतं? त्याने धोक्याचा इशारा दिला होता. तो राजवटीला इतका झोंबला की सोव्हिएत संघात ही कादंबरी १९८८ पर्यंत छापली गेली नाही. आग लागली म्हणून ओरडणाऱ्यालाच आग लावणारा ठरवताय तुम्ही!

आदर्श समाजच बघायचा तर उर्सुला ल ग्विनची 'द डिस्पझेस्ड' (१९७४) उघडा. त्यातला समाज राहतो त्या अनारेसवर बाळाचं नाव संगणक ठरवतो, एवढं ऐकूनच लोक हादरतात. पण त्या नावाचं जिवंत माणूस एका वेळी एकच असतं, आणि माणसांना नंबर द्यावे लागू नयेत म्हणूनच ही सोय आहे, हे त्याच कादंबरीत लिहिलंय. विवाहाचा कायदा तिथे नाही. तरीही दुष्काळात कामासाठी ताटातूट झालेले शेवेक आणि ताक्वेर एकमेकांचेच राहतात.

मोरने कुटुंब मोडलं म्हणणाऱ्याने १५१६ चं ते पुस्तक हातात तरी घेतलंय का? त्याचा युटोपिया घराघरांचाच बनलेला आहे. शहरातल्या एकेका घरात १० ते १६ प्रौढ माणसं. लग्नाला मुलगी १८ ची हवी, मुलगा २२ चा. व्यभिचाराची शिक्षा गुलामी, पुन्हा केला तर मृत्यू. महिनाअखेरच्या सणाला देवळात जाण्याआधी बायकोने नवऱ्यापुढे गुडघे टेकून आपल्या चुका कबूल करायच्या. नवऱ्याने कुणापुढे, ते मोर सांगत नाही. कुटुंब अगदी शाबूत आहे, आणि त्यातच बाई गुदमरतेय. कुटुंब टिकलं की माणूस आपोआप सुखरूप, हे मेसेजमधलं गृहीतच खोटं आहे. याच गृहीताच्या जोरावर मुलींना काय वाचायचं ते सांगितलं जातं, म्हणून ते मला घातक वाटतं.

प्रेमाला बंदी? विल्यम मॉरिसच्या १८९० च्या 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' या आदर्श समाजाच्या कादंबरीत क्लारा डिकला सोडून दुसऱ्याबरोबर राहते, वर्षभराने परत येते. कोर्ट नाही, शिक्षा नाही. प्रेमातलं दुःख आम्हालाही टाळता आलेलं नाही, हेही तिथला म्हातारा हॅमंड कबूल करतो.

राहिलं मुलं काढून घेण्याचं. प्लेटोच्या बाबतीत ते खरं आहे, मान्य करावंच लागतं. 'रिपब्लिक'मध्ये रक्षकवर्गाची, म्हणजे राज्य राखणाऱ्या वरच्या वर्गाची, मुलं सामाईक असतात, आपलं मूल आईला ओळखू येऊ नये अशी व्यवस्था असते, आणि जोड्या लावायच्या चिठ्ठ्यांतही राज्यकर्ते लबाडी करतात. पण हे फक्त रक्षकवर्गापुरतं. शिवाय त्याचाच शिष्य ॲरिस्टॉटल याने 'पॉलिटिक्स'मध्ये ते खोडून काढलंय: प्लेटोच्या पद्धतीने कुणाचा मुलगा असण्यापेक्षा कुणाचा तरी खरा चुलतभाऊ असणं बरं. भरपूर पाण्यात चिमूटभर गोडी विरघळून जावी तसं तिथलं प्रेम होईल, असं तो म्हणतो. हा वाद २३०० वर्षं चालू आहे, आणि तो कळायचा तर ही पुस्तकं वाचावीच लागतात.

भाचीला कळवलंय, विषय बदलू नकोस. पहिलं प्रकरण मोरच्या त्या गुडघे टेकलेल्या बायकोवर लिही. भाऊजींशी मी बोलते.