‘गोळ्यांनी माणूस सुस्त होतो’ या मेसेजबद्दल खुलासा

सायकोसिसच्या (भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटते तो मानसिक आजार) सुरुवातीला उत्साह जातो तो केवळ त्यावरच्या गोळ्यांमुळे, त्या थांबवल्या की माणूस पूर्ववत होतो, असा मेसेज फिरतो आहे. हे चूक आहे, आणि गोळ्या बंद करण्याचा सल्ला तर घातकच.

क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने अशा रुग्णांची इच्छाशक्ती क्षीण होण्याचे वर्णन केले, तेव्हा सायकोसिसवरची आजची औषधे नव्हतीच. त्यातले पहिले, क्लोरप्रोमाझिन, 1952 च्या सुमारास वापरात आले. पुष्कळांच्या बाबतीत आवाज ऐकू येणे किंवा संशय सुरू होण्याच्या कितीतरी आधीच अभ्यास, मित्र, अंघोळ सुटत जाते. घरचे त्याला आळस म्हणतात. पण समोर आलेल्या गोष्टीचा आनंद अनेकदा बराचसा शाबूत असतो. ‘हे केले तर बरे वाटेल’ ही आधीची ओढ मात्र कमी होते आणि खटपट नकोशी वाटते.

मेसेजमध्ये तथ्य एवढेच, की काही औषधांनी, विशेषतः जास्त डोसने, सुस्ती येते. नैराश्यानेही उत्साह जातो. कारण नेमके कोणते, हे डॉक्टरांनी तपासायचे. डोस किंवा औषध बदलता येते. परस्पर बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो.