लष्करी अळी, कडक औषध आणि फवारणीची वेळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, अंडीपुंज वेचणे आणि निंबोळी अर्क फवारणे हे कागदावरचे सल्ले आहेत, सिल्लोडकडे मजूर मिळत नाहीत आणि कडक औषधाशिवाय ही अळी मरत नाही. मजुरांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पाच एकरांत पान न् पान उलटून पाहणे कोणालाच शक्य नाही, आणि तसे सुचवणे ही माझी चूक होती. औषधाबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही.

२०१८ साली कर्नाटकात प्रथम आढळलेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचलेली ही कीड लहानपणी उघड्यावर असते. बारीक अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात आणि मागे पांढरे पापुद्रे राहतात. पुढे ती पोंग्यात, म्हणजे झाडाच्या शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, उतरते आणि लाकडाच्या भुशासारख्या ओल्या विष्ठेने वरचे तोंड बुजते. मागच्या खरिपात पावसाने उघडीप न दिल्यामुळे माझी फवारणी आठ दिवस लांबली. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोंगा उकलला, तर पानांना औषधाचा वास होता आणि विष्ठेच्या त्या बोळ्याखाली, डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय' असलेली बोटभर अळी जिवंत वळवळत होती. औषध कमी कडक नव्हते. ते तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. अशा वेळी मात्रा दुप्पट केली तरी खर्चच दुप्पट होतो.

म्हणून माझा आग्रह वेळेवर आहे. मका उगवल्यावर दर तीन-चार दिवसांनी एकाच माणसाने शेतात तिरके फिरून पाच ठिकाणी वीस-वीस झाडे पाहावीत, एवढेच पुरेसे आहे. शंभरात पाच झाडांवर पापुद्रे दिसले तर ५ टक्के निंबोळी अर्क चालतो, कारण तेव्हा अळ्या लहान असतात. मोठ्या अळीवर तो उपयोगी नाही, हे मी मूळ लेखात स्पष्ट करायला हवे होते. प्रादुर्भाव दहा झाडांपर्यंत गेला तर इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के हे रासायनिक कीटकनाशक, १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यावर धरून फवारावे. तुरा आल्यानंतर रासायनिक फवारणीचा खर्च निघत नाही, आणि आपल्याकडे तोच चारा दावणीला जातो.